एकवीस दिवसांचा घेवडा

"घेवडा लावला का?" असं माझी बायको मला अजून विचारते. मी दाढी करत असलो तरी विचारते, चहा गाळत असलो तरी विचारते. नळ सोडला की हमखास. मेलेलं माणूस बोलत नसतं, हे मला कळतं. चौथीपर्यंतच शिकलो, पण तेवढं कळतं. तरी कान माझे आहेत आणि आवाज तिचा आहे. त्याला मी काय करणार?

तिला जाऊन दीड वर्ष झालं. जन्मभर मी ट्रकचा मिस्त्री. अंधारात घरातून निघायचं आणि काळ्या हातांनी अंधारात परत यायचं. घर, पोरगा, माझी म्हातारी आई, सगळं तिनं पाहिलं. घरामागं दोन खाटा मावतील एवढी जागा होती, तिथं तिचा भाजीपाला. त्यातही जीव कुंपणावरच्या घेवड्यात. बी तिच्या आईकडचं, काळं, एका कडेला पांढरी रेघ. दरवर्षी मृग निघाला की लावायची, आणि दरवर्षी पुढच्या सालासाठी बी धरायची. राखेत घोळवून फडक्यात बांधायची आणि ते गाठोडं स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवायची. मी फक्त खायचो. शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, बाजरीची भाकरी. तो वेल कसा वाढतो, हे मी एकदाही उभं राहून पाहिलं नाही. हे काही मी अभिमानानं सांगत नाही.

मृगाच्या तोंडावर तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि लिव्हर गेलंय म्हणाले. जिनं कधी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही तिचं लिव्हर गेलं. मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "महिना धरा." मी आत आलो.

"काय म्हणाले?"

"गोळ्या बदलल्यात."

तिनं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मृग निघाला ना हो? घेवडा लावला का?"

मी म्हणालो, "लावला."

गाठोडं खिळ्यालाच होतं. मी घरी जायचो ते कपडे बदलायला. पण माझं उत्तर ऐकून तिचं तोंड जरा सैल झालं, म्हणून मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "पाणी घातलं?" म्हटलं, घातलं. चौथ्या दिवशी, "उगवला का?" म्हटलं, दोन पानांवर आहे. गिऱ्हाइकाला 'उद्या गाडी देतो' म्हणण्यात माझी हयात गेली. जीभ सरावलेली होती. तिचा चेहरा जसा उतरत गेला तसा मी वेल जोरात वाढवला. आठव्या दिवशी तो कुंपणाला लावला, बाराव्या दिवशी कुंपणावरून पलीकडं टाकला. पंधराव्याला फुलं आणली, एकोणिसाव्याला शेंगा धरल्या. एकविसाव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मग तोडा आता. जून झाल्या तर खाणार कोण?" दुपारी गेली.

मुलगा म्हणाला, बाबा, एकटे राहू नका. त्यानं मला इकडं परदेशात, वाळवंटातल्या चँडलर गावाला आणलं. तो आणि सून दोघं चिपच्या कारखान्यात आहेत. चिप म्हणजे खायची नव्हे, कॉम्प्युटरची. मी आलो तो फेब्रुवारीत, बंडीच्या आतल्या खिशात गाठोडं घेऊन. असं बी या देशात न सांगता आणायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. सुनेला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

"बाबा! पकडलं असतं तर?"

"कोणाला? घेवड्याला?"

मुलगा हसला. ती नाही हसली.

गाठोडं आणलं ते एकाच कारणासाठी. तिला मी 'लावला' म्हणालो होतो, तर तो लावायचा. नंतर का होईना, माझं उत्तर खरं करायचं. म्हणजे ती विचारायची थांबेल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. बी मोजलं तर एकोणीस निघालं. तिच्या माहेरी आता कोणी उरलं नाही, आमच्या घराला कुलूप आहे. हे एकोणीस संपलं की घेवडा संपला, आणि मी कायमचा खोटा.

घरामागं अंगण आहे, पण खडीचं. इथले लोक अंगणात मुद्दाम खडी टाकतात आणि तिला बाग म्हणतात. मी भिंतीकडेची दोन हात खडी उपसली. खाली भाजलेल्या विटेसारखी जमीन. टिकाव मारला तर ठण् वाजला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. शेवटी मुलानं दुकानातून माती आणली. मातीसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत. वास नाही, काही नाही.

फेब्रुवारीत हवा इतकी चांगली होती की मला वाटलं, इथलं ऊन ऊन करून पोरगा उगाच घाबरवतो. मे उजाडला आणि कळलं. तापलेल्या इंजिनाचं बॉनेट उघडल्यावर तोंडावर जी वाफ येते, ती इथं सकाळी नऊ वाजता दाराबाहेर उभी असते. घाम अंगावर थांबत नाही, सुकून जातो, मीठ तेवढं राहतं. माझ्या नाकातून रक्त यायला लागलं. सून म्हणाली, हवा ड्राय आहे, पाणी पीत राहा. मी पाणी पीत राहिलो आणि मृगाची वाट पाहत राहिलो.

मुलगा म्हणाला, "बाबा, जूनमध्ये इथं कोणी काही लावत नाही. आहेत ती झाडं झाकून ठेवतात."

"घेवडा मृगात लावायचा असतो."

"मृग तिकडं. इथं तेव्हा एकशेदहा असतं."

"एकशेदहा काय?"

"टेंपरेचर."

इथं हवा मोजतात ती आपण माणसाचा ताप मोजतो त्या मापानं. एकशेदोन झाले की आपल्याकडं कपाळावर पट्ट्या ठेवतात. एकशेपाच म्हणजे दवाखाना. शेवटच्या आठवड्यात तिचा एकशेचारपर्यंत जायचा. टीव्हीवरची बाई रोज हसत हसत एकशेआठ, एकशेदहा म्हणायची आणि मला ती खाट दिसायची. तरी मी ऐकलं नाही. ती मृगात लावायची, म्हणून मी मृगात लावला. दहा बिया लावल्या, नऊ मागं ठेवल्या. एवढी अक्कल कशी सुचली, कोण जाणे.

पाचव्या दिवशी आठ कोंब वर आले. माती डोक्यावर घेऊन, वाकलेल्या मानेनं. मी तिथंच खडीवर बसलो. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "उगवला गं." हे पहिलंच खरं उत्तर होतं.

ती पाणी घालायची ते दिवस मावळल्यावर, मुळाशी. मीही तसंच केलं. स्वयंपाकघरातून बादली भरून न्यायचो, जाता-येता गालिच्यावर सांडायचं. आठ-दहा दिवस सुनेनं सहन केलं, मग म्हणाली, "बाबा, कंबर मोडेल. मागं पाईप आहे ना, तो का नाही वापरत?" काळजीनंच म्हणाली. मागं भिंतीच्या नळाला हिरवा पाईप लावलेला असतो, वेटोळं करून खडीवर पडलेला. त्या संध्याकाळी मी दिवस मावळल्यावर तो सोडला आणि प्रत्येक रोपाच्या मुळाशी पोटभर पाणी दिलं.

सकाळी पाहिलं तर आठही रोपं आडवी. पानं काळपट, मऊ, मेथी शिजवल्यावर होते तशी. मला वाटलं, दिवसाचं ऊन बाधलं. संध्याकाळी परत पाणी द्यायला गेलो, जोडणीतून पाणी उडालं आणि डाव्या पायावर पडलं. मी ओरडलो. सून धावत आली. पावलावर फोड उठले.

पाईपातलं पाणी दिवसभर उन्हात उकळत पडलेलं होतं. चाळीस वर्षं रेडिएटरची टोपणं उघडली, किती वेळा हात भाजला, किती पोरांना ओरडलो की गरम गाडीचं पाणी काढू नका. आणि मीच. तिनं जपलेलं बी मी स्वतःच्या हातानं उकडून मारलं.

त्या दिवसापासून ती जास्त विचारायला लागली. पाय वर करून मी सोफ्यावर पडलेला, खिडक्यांचे पडदे लावलेले, एसीची घरघर, मुलगा-सून कामावर. आणि ती, "किती आला हो?" एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "येतोय, येतोय." निघालं आणि मी ताडकन उठून बसलो. मी पुन्हा तेच चालू केलं होतं. दवाखाना बदलला होता, एवढंच.

दोन घरं सोडून नागपूरची एक बाई राहते, मुलाच्याच ऑफिसात आहे. चाळिशीची असेल. सुनेला विरजण द्यायला आली, तर मी मागच्या पायरीवर पाय सोडून बसलेला.

"काका, पायाला काय झालं?"

"पाणी लागलं."

"पाणी?" तिनं पाईपाकडं पाहिलं आणि लगेच ओळखलं. "अरे देवा! आधी ते पाणी सोडून द्यायचं असतं, काका. आम्ही पहिल्या वर्षी सगळे टोमॅटो उकडले. डायरेक्ट सूप."

मला हसू आलं नाही. तिनं विचारलं, "काय लावलं होतं?" मी आत जाऊन उरलेल्या नऊ बिया आणून दाखवल्या.

"अय्या, ह्या तर वालाच्या बिया."

"घेवडा."

"आमच्याकडे वाल म्हणतात."

"म्हणत असतील."

ती हसली. "बरं बाबा, घेवडा. मी नागपूरची आहे, उन्हाचं मला सांगू नका. तिथं दुपारी आम्ही झोपायचो, इथं दुपारी मीटिंग असते, एवढाच फरक. मृग-बिग विसरा आता. पोळा झाला की लावा. वरून शेड क्लॉथ बांधा, ती हिरवी जाळी. पाणी पहाटे द्यायचं. पाईप आधी खडीवर सोडायचा, हात लावून पाहायचा, मग झाडाला. दह्याचं दूध बघतो ना आपण, बोट घालून? तसं."

बोट घालून पाहायचं, हे मला पटलं. मिस्त्री माणसाला हाताचं सांगितलेलं पटतं.

जुलै आणि ऑगस्ट मी घरात काढले. एका दुपारी धुळीची भिंत आली, आकाशाएवढी, तपकिरी. घरात दिवे लावावे लागले. मग चार टपोरे थेंब पडले आणि संपलं. मी रोज गाठोडं उघडून बी पाहायचो. आवाज चालूच होता. मी उत्तर देणं बंद केलं होतं. तिच्याशी अबोला धरायची माझी ही पहिलीच वेळ. जिवंतपणी धरायची ती, आणि भाकरी तेवढी जोरात थापायची.

पोळा झाला तशा नऊच्या नऊ बिया लावल्या. सहा उगवल्या. इथं पिवळ्या डोळ्यांचे काळे पक्षी असतात, कावळ्यासारखे पण कावळे नव्हेत, त्यांनी दोन कोंब खुडले. मग मी जाळी खालपर्यंत ओढली. चार जगले. पहाटे उठायचं, पाईप खडीवर सोडायचा, बोट धरायचं. पाणी आधी कोमट लागायचं, मग गार. गार झालं की रोपांना. असे दिवस मी मोजत होतो. विसावा, एकविसावा. एकविसाव्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर गेलो, काही सण असल्यासारखा.

वेल माझ्या गुडघ्याला लागत होता. चार काड्या, काही पानं.

त्याच दिवशी संध्याकाळी नागपूरची आली. म्हणाली, "वा काका, मस्त धरलाय."

"फुलं कधी येणार?"

"फुलं? अजून कुठली! दिवस लहान व्हायला लागले की मग. दसरा-दिवाळीच्याही पुढे. नोव्हेंबर धरा. शेंगा डिसेंबर."

"आपल्याकडं लवकर येतात ना?"

"आपल्याकडे तर मृगातल्याला आणखी वेळ लागतो. थंडी पडल्याशिवाय शेंग नाही."

"एकवीस दिवसांत नाही येत?"

ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "काका, एकवीस दिवसांत कोंबडीची पिल्लं येतात! कोणी सांगितलं तुम्हाला? घेवडा लावणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा."

ती गेली तरी मी तिथंच उभा राहिलो. मागची भिंत दिवसभराची धग पाठीवर सोडत होती. घेवडा लावणाऱ्या कुठल्याही बाईला. मी विचारलंच होतं की. नव्हे, मी तिला सांगितलं होतं. पन्नास वर्षं घेवडा लावणाऱ्या बाईला मी पंधरा दिवसांत फुलं आली म्हणून सांगितलं होतं, आणि ती "हो का?" म्हणाली होती.

मी मनाची समजूत घालायला लागलो. तापात होती, दिवसांचं भान नसेल. पण नर्सला तीच सांगायची, आज चतुर्थी, मला साबुदाणा नको, आंबट होतं. वाराची, तिथीची तिला पक्की खबर होती.

नोव्हेंबरात फुलं आली. पहाटे पाणी द्यायला गेलो तर तुरा वर काढलेला. जांभळा. गडद जांभळा. मी पाईप हातात धरून पाहत राहिलो. दवाखान्यात तिनं विचारलं होतं, "कसा फुललाय?" आणि मी मोठ्या थाटात म्हणालो होतो, "पांढराशुभ्र." ती माझ्याकडं वळली होती. "पांढरा?" मग पुन्हा छताकडं पाहत म्हणाली होती, "असू दे. छान." त्या वेळी मला वाटलं, किती समाधान झालं बाईला.

म्हणजे तिला कळलं होतं. पहिल्या दिवशी नसेल, पण कळलं होतं. वेल नाही हे कळलं, आणि वेल नाही तर मी का सांगतोय, हेही कळलं असणार. गोळ्या बदलल्यात म्हटलं तेव्हाच कळलं असेल. आणि तरी रोज सकाळी विचारायची, किती आला? माझ्यासाठी विचारायची. मी खाटेजवळ येऊन बसलो की माझ्या तोंडाला काहीतरी काम मिळावं म्हणून.

लोक म्हणतील, केवढं प्रेम. मला तसं वाटत नाही, मी स्पष्ट सांगतो. मला भीती वाटते. एकवीस दिवस आम्ही दोघं एका नसलेल्या वेलाला पाणी घालत बसलो. तिला काही सांगायचं असेल. कोणाला काय द्या, मला रागावायचं राहिलंय, मरायची धास्ती वाटते, काहीही. पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोला शेवटी काय बोलायचं असतं, हे मला माहीत नाही, कारण मी तिला बोलू दिलं नाही. ती जे बोलली असती ते सगळं त्या घेवड्यानं खाल्लं. ती माझ्यासमोर एकटी मेली.

आता डिसेंबर चालू आहे. इथली थंडी कोरडी, सकाळी कान दुखतात, दुपारी नुसत्या शर्टावर बाहेर बसता येतं. वेलाला शेंगा लोंबतायत. सुनेनं भाजी केली, मुलानं दोनदा घेतली आणि ताटात पाहत म्हणाला, "आईच्या हातची लागते." मी जेवलो. चव तीच होती. काही शेंगा मी वेलावरच वाळायला ठेवल्यात, नागपूरची मागतेय.

आवाज थांबला नाही. परवा सकाळी जाळी काढत होतो तर कानात, "किती आला हो?" आणि या वेळी मला गप्प राहवलं नाही. मी खडीवर उकिडवा बसलो आणि मोठ्यानं बोललो. म्हणालो, मी लावला नव्हता. गाठोडं खिळ्याला होतं. गोळ्या बदलल्या नव्हत्या. डॉक्टर महिना म्हणाले होते. तू मरणार हे मला माहीत होतं आणि मला ते तुझ्याशी बोलता आलं नाही. मी भ्यालो होतो. बोल आता, तुला काय सांगायचं होतं?

मागचं दार सरकलं. सून हातात कप घेऊन उभी.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

"तुझ्या सासूशी."

ती दचकली नाही. पायरीवर कप ठेवून म्हणाली, "काय म्हणतात?"

"काही नाही," मी म्हणालो. "काहीच नाही म्हणत."